डाव्या डोळ्याचा नंबर

चौदावी चिठ्ठी मालकांनी तिच्या टेबलावर हळूच ठेवली आणि तिने हातातलं काम थांबवलं. मालक म्हणजे आदळआपट करणारा माणूस. पहिल्या तीन चुकांना ते ओरडले होते, पुढच्या काहींना त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती. आता तेच आवाज न करता चिठ्ठी ठेवतात, म्हणजे मनातल्या मनात निकाल लागलेला आहे, हे ओळखायला तिची इथली अकरा वर्षं पुरेशी होती.

"बाई, सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा," ते म्हणाले. "नोकरी कुठे जात नाही तुमची. पण नंबर टाकायचं काम आता नको."

"मला आजचा दिवस द्या."

"दिवसभरात काय होणार आहे?"

"काय चुकतंय ते शोधते."

"काय चुकतंय ते दिसतंयच की! चिठ्ठीवर एक आहे, तुम्ही टाकता दुसरंच. यात शोधायचं काय?" मालकांचा आवाज चढला, मग त्यांचा त्यांनाच तो नकोसा झाला. "बरं. संध्याकाळी पाचपर्यंत शोधा."

इथे चष्म्याच्या काचा तयार व्हायच्या. दुकानदार गिऱ्हाइकाचा नंबर चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, ती तो कॉम्प्युटरमध्ये टाकायची, छापलेला कागद ट्रेमध्ये पडायचा आणि ट्रे आत काच घासायच्या मशीनकडे जायचा. शेवटी तपासणीचे काका तयार काच यंत्राखाली धरून कागदावरच्या नंबराशी ताडून पाहायचे. काका चोख माणूस, पण त्यांच्यापुढे छापील कागद असायचा, दुकानदाराची चिठ्ठी नव्हे. त्यामुळे कागदावर चूक असली की ती चूकसुद्धा अगदी बिनचूक तयार होऊन बाहेर पडायची. मग चार दिवसांनी दुकानदाराचा फोन यायचा, की गिऱ्हाईक नवा चष्मा लावून जिना उतरताना पायरी चुकलं आणि आता दुकानात उभं राहून आमच्या नावाने शंख करतंय.

असे फोन पूर्वी वर्षाला एखाददुसरा यायचे. आता दोन आठवड्यांत चौदा आले होते, आणि चौदाच्या चौदा तिच्या टेबलावरचे.

तिची कामाची रीत ठरलेली होती. चष्म्याचा नंबर पावापावाने चढतो: दोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन. ती आकडा टाकायची, पडद्यावर पाहायची, "उजवा प्लस दोन, डावा प्लस अडीच" असं ओठातल्या ओठात म्हणायची आणि मगच पुढच्या चिठ्ठीला हात घालायची. कारखान्यात तिला पुटपुटबाईच म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. पण याच पुटपुटण्याने आता तिची झोप उडवली होती. परत आलेली चिठ्ठी हातात घेतली की तिला स्पष्ट आठवायचं, आपण "डावा प्लस दोन" म्हटलं होतं, पडद्यावर दोनच होतं, आपण पाहिलं होतं. आणि छापील कागदावर पावणेदोन. कागद कशाला खोटं बोलेल?

पॅकिंगचं तिला दुःख नव्हतं. भीती वेगळीच होती, आणि ती तिने अजून कोणाला सांगितली नव्हती. तिची आई पोस्टात पत्रांची वर्गवारी करायची. बावन्नाव्या वर्षी आई कामात चुका करू लागली, पंचावन्नाव्या वर्षी घराचा रस्ता विसरली, आणि आता मोठ्या मुलीच्या घरी खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायची. गेल्या महिन्यात तिने धाकट्या मुलीलाही तेच विचारलं, अगदी आदराने. धाकटी म्हणजे हीच आपली पुटपुटबाई, वय वर्षं एकोणपन्नास. त्या दिवशी ती "तुमच्याकडेच" म्हणाली, चप्पल घालून बाहेर पडली आणि बसस्टॉपवर उभी राहून ढसाढसा रडली.

आपल्याला आठवतंय एक आणि घडलंय दुसरंच, याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. तिला पाच वाजायच्या आत एवढंच कळायला हवं होतं, की बिघाड त्या कॉम्प्युटरच्या खोक्यात आहे की आपल्या डोक्यात.

तिने सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. जाता जाता मालकांनी "नाचता येईना अंगण वाकडं" असं तिला ऐकू जाईल इतपत म्हणून घेतलं.

नवी आवृत्ती दोन आठवड्यांपूर्वीच बसवली होती आणि चुकाही तेव्हापासूनच होत्या, हे तिने तीनदा सांगितलं. पलीकडचा सॉफ्टवेअरवाला सभ्य होता, आणि त्याच्या सभ्यपणानेच तिला जास्त घाम फुटला.

"मॅडम, ही आवृत्ती तीसेक कारखान्यांत चालू आहे. अशी तक्रार कुठूनच नाही."

त्याने तिकडून तिचा पडदा ताब्यात घेतला. बाण आपोआप इकडेतिकडे फिरू लागला आणि ती हात मांडीवर ठेवून बघत राहिली. त्याने दहा नंबर टाकले, दहाही बरोबर आले. मग त्याने तिला कीबोर्डचं एकेक बटण दाबायला लावलं, एखादं अडकतंय का ते पाहायला. एकही अडकत नव्हतं. दशांशाचं टिंब नीट पडत होतं. तिने दुसऱ्या टेबलावरचा कीबोर्ड आणून लावला, तरी सगळं ठणठणीत. शेवटी त्याने जुन्या नोंदी उघडल्या.

"हे पाहा, मॅडम. नोंदीत पावणेदोनच आहे. तुमच्या टेबलावरून, तुमच्या नावाने."

"पण मी दोन टाकलं होतं. मी पाहिलं होतं."

"सॉफ्टवेअर स्वतःहून आकडा बदलत नाही, मॅडम," तो समजुतीने म्हणाला. आजारी माणसाशी बोलावं तसा आवाज होता त्याचा. "थोडी विश्रांती घ्या. दुपारनंतर परत पाहू."

म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. सकाळपर्यंत नुसता संशय होता, आता सॉफ्टवेअर शुद्ध आणि बाई अशुद्ध अशी लेखी नोंदच झाली.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिने चौदाही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि शेजारी त्यांचे छापील कागद लावले. तपासणीचे काका हात पुसत आले आणि न विचारता खुर्ची ओढून बसले.

"जेवली नाहीस?"

"काका, मला वेड लागलंय का हो?"

"ते अकरा वर्षांपूर्वीच लागलंय. आपण तेव्हा काही बोललो नाही," काका म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठ्यांवर वाकले. बराच वेळ ते बोटाने एकेक कागद सरकवत राहिले. "अगं, हे बघितलंस का? सगळे डावे डोळे आहेत."

तिने मोजलं. तेरा डावे, एक उजवा.

काकांना यात काहीतरी धागा सापडला होता, पण तिच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मेंदूत काही बिघडलं की एकाच बाजूचं दिसेनासं होतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. टेबलाखाली तिने डाव्या हाताला जोरात चिमटा काढला. दुखलं. दुखलं म्हणून तिला बरं वाटलं, यावरून तिची अवस्था काय असेल ते समजा.

"आणि सगळे साधे नंबर," काका आपल्याच नादात बोलत होते. काही डोळ्यांना एकच नंबर पुरतो. काहींना त्याच्या जोडीला सिलिंडरचा नंबर आणि त्याचा कोन द्यावा लागतो. "सिलिंडर एकालाही नाही. हा उजवा तेवढा वेगळा आहे, त्याला सिलिंडर आहे. तो ठेव बाजूला. आता हे तेरा बघ. दोनाचे पावणेदोन झाले. सव्वाचा एक झाला. मायनस तीनचा मायनस सव्वातीन झाला."

"म्हणजे काही वाढले, काही कमी झाले."

"नाही गं. मायनस तीनवरून मायनस सव्वातीन, म्हणजे आणखी खालीच की. सगळे खाली घसरलेत. कोणी पावाने, कोणी अर्ध्याने, पण खालीच." काकांनी चष्मा परत नाकावर घेतला. "माणूस चुकतो तेव्हा चारी दिशांना चुकतो, बाई. तेरा वेळा एकाच दिशेला कोण चुकतं?"

बुडत्याला काडीचा आधार. तिने ती काडी घट्ट धरली आणि तेराही चिठ्ठ्या नव्याने टाकायला घेतल्या. एकेक आकडा टाकायचा, डोळे फाडून बघायचं, मोठ्याने म्हणायचं, जतन करायचं, छापायचं. तेराच्या तेरा बरोबर आल्या. तिने पुन्हा टाकल्या, पुन्हा बरोबर. घड्याळात तीन वाजले होते.

ती उठून बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि आरशासमोर उभी राहून एकोणतीसचा पाढा म्हणू लागली. 'एकोणतीस साते'ला अडकली. पुन्हा सुरुवातीपासून म्हटला, पुन्हा तिथेच अडकली. शाळेतही एकोणतीसचा पाढा आपल्याला कधी धड येत नव्हता हे तिच्या लक्षात येईपर्यंत तिने तो तिसऱ्यांदा सुरू केला होता. नळ सोडून तिने तोंडावर पाणी मारलं. कोणाकडे जायचं, काय सांगायचं, काही सुचेना. आई, तुला असंच झालं होतं का गं, असं ती आरशातल्या चेहऱ्याला विचारून बसली, कारण तो चेहरा दिवसेंदिवस आईसारखाच होत चालला होता.

बाहेर आली ती मात्र एक गोष्ट मनाशी धरून. सावध असते तेव्हा आपण चुकत नाही. म्हणजे चूक पकडायची तर बेसावधच राहायला हवं, आणि बेसावध माणसाला स्वतःवर पहारा देता येत नाही.

"काका, तुमचं काम ठेवा तासभर बाजूला. इथे बसा. मी आजच्या चिठ्ठ्या टाकते, रोजच्यासारख्याच. माझ्याकडे बघू नका. पडद्याकडे बघा. डाव्या डोळ्याच्या चौकटीवरून नजर हलवू नका."

"तू कुठे बघणार?"

"रोज बघते तिथेच."

काका बसले. ती टाकत गेली. आकडा, पुटपुट, पुढची चिठ्ठी. आकडा, पुटपुट, पुढची चिठ्ठी. सुरुवातीला पाठीवर नजर असल्यासारखी बोटं ताठरली, पण दहाबारा चिठ्ठ्यांनंतर हात आपल्या वाटेला लागले. आतून काच घासायची घरघर येत होती. वीस झाल्या, तीस झाल्या. काकांना एक जांभई आली आणि त्यांनी ती तोंड मिटून दिली.

"थांब!"

तिचा हात जागच्या जागी थिजला.

"हलला," काका म्हणाले. "आकडा हलला! अडीच होते, सव्वादोन झाले. मी या डोळ्यांनी पाहिलं. तू म्हणालीस अडीच, पडद्यावर होते अडीच, तू चिठ्ठी उलटायला मान वळवलीस आणि झाले सव्वादोन."

तिने हळूच मान खाली घालून स्वतःचा उजवा हात पाहिला. पहिलं बोट माउसच्या चाकावर होतं.

इथेच घोडं पेंड खात होतं. नव्या आवृत्तीत फॉर्म लांब झाला होता आणि जतन करायचं बटण खाली गेलं होतं. दुसऱ्या टेबलांवर नवे मोठे पडदे होते, त्यांना ते बटण समोरच दिसायचं. तिचा पडदा जुना आणि छोटा, म्हणून ती आकडा टाकून झाला की चाक फिरवून पान वर सरकवायची. साध्या नंबरात शेवटी भरायची चौकट डाव्या डोळ्याची. बाण त्या वेळी नेमका त्या चौकटीवर पडलेला असला, तर चाकाची पहिली एकदोन वळणं पानाला लागायच्या आधी आकड्याला लागायची, आणि दर वळणाला आकडा पावाने उतरायचा. मग पान सरकून चौकटच वर निघून जायची. बाण जरा बाजूला असला तर काहीच नाही. सिलिंडरच्या चिठ्ठ्यांत शेवटची चौकट कोनाची. तिथे एखादा अंश इकडेतिकडे झाला तरी त्याची बोंब कोणी मारत नाही. सॉफ्टवेअरवाला आपला कीबोर्डवरूनच सगळं करत होता, आणि ती स्वतः तपासताना डोळे त्या चौकटीवरच खिळवून बसत होती, चाकाऐवजी कडेची पट्टी ओढून पान हळूहळू सरकवत.

त्यांनी मुद्दाम बाण चौकटीवर ठेवला आणि चाक फिरवलं. अडीच, सव्वादोन, दोन. पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा करताना तिला रडू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना.

"अगं, रडतेस काय? हस की!" काका म्हणाले, आणि त्यांचेही डोळे भरले होते.

फोनवर सॉफ्टवेअरवाल्याने तिकडे स्वतः चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "हो, मॅडम. चाकाने आकडा कमीजास्त करायची सोय आहे ती. नव्या आवृत्तीत आपोआप चालू झालेली दिसते."

"सोय?" काका फोनमध्ये तोंड घालून म्हणाले. "कोणाची?"

पाच वाजता मालक आले. त्यांना चाक फिरवून दाखवलं, तर त्यांनी ते स्वतः फिरवून पाहिलं, चांगलं सातआठ वेळा. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो की मी," ते म्हणाले, आणि माफी मागायची सवय नसल्यामुळे त्यांनी तिच्यासाठी मोठा पडदा मागवायचं जाहीर केलं. "सोमवारी इथेच बसायचं, बाई. पॅकिंगचं विसरा."

"मॅडम, सोय बंद केली आहे," फोनवरून आवाज आला. "तुमच्या तक्रारीत चौदा चुका आहेत. चौदाही यातच धरून तक्रार बंद करतो."

"थांबा," ती म्हणाली. "एक उजव्या डोळ्याची आहे."

तिने ती बाजूला ठेवलेली चिठ्ठी वाचून दाखवली. चिठ्ठीवर मायनस सव्वादोन, छापील कागदावर मायनस पावणेतीन. पलीकडे बटणांचा आवाज झाला.

"मॅडम, हा आकडा पहिल्या चौकटीतला. त्यानंतर तुम्ही आणखी पाच चौकटी भरल्यात. चाकाचा इथे संबंध येत नाही. हा सरळ टाईप झालाय."

"अहो, जाऊ द्या," मालक म्हणाले. "एवढ्या चिठ्ठ्यांत एखादी चुकणारच. मी तर दिवसातून दहा वेळा चुकतो." काका हसले, सॉफ्टवेअरवालाही हसला. तीही हसली.

पण तिला आठवत होतं. "उजवा मायनस सव्वादोन" असं आपण म्हटल्याचं, पडद्यावर सव्वादोन पाहिल्याचं. बाकीच्या तेरा जितक्या लख्ख आठवत होत्या, तितकीच लख्ख हीही. त्या तेरा आठवणी खऱ्या निघाल्या होत्या. ही घडलीच नव्हती. तिने मनातल्या मनात ती त्या तेरांच्या शेजारी ठेवून पाहिली आणि तिला काडीचाही फरक सापडला नाही.

"मॅडम? बंद करू ना?"

"करा," ती म्हणाली.

मग ती मागच्या जिन्यात गेली, पायरीवर बसली आणि मोठ्या बहिणीला फोन लावला. आईचं आजारपण सुरू झालं तेव्हा धाकटी लग्न होऊन दूर होती. काय झालं, कसं झालं हे तिने कधी विचारलं नव्हतं, विचारायचं टाळलंच होतं.

"ताई, आई पोस्टात चुका करायला लागली तेव्हा काय म्हणायची गं?"

"आज एकदम काय आठवलं तुला?"

"सांग ना."

"म्हणायची, साहेबांनी कप्पे बदललेत. इतक्या वर्षांची हाताची सवय, जुन्या जागी पत्र जातं, माझा काय दोष?"

"आणि तुला ते पटलं?"

"पटलं म्हणजे काय, मी स्वतः जाऊन पाहून आले. खरंच बदलले होते गं. अख्खी भिंत फिरवली होती." बहिणीने श्वास घेतला. "म्हणून तर दोन वर्षं आम्ही तिला कुठे नेलं नाही. काहीही चुकलं की आम्हीच म्हणायचो, कप्पे बदललेत ना. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आणायला हवं होतं."

खाली कोणीतरी काचांची खोकी गाडीत चढवत होतं. ती खोकी मोजत राहिली.

"ऐकतेयस ना?"

"ताई, सोमवारी मला त्या डॉक्टरांकडे घेऊन चल."

"तुला? का? काय झालं?"

तिने सांगितलं. चौदा चुका, तेरा सुटल्या, एक राहिली.

"वेडे, एक चूक! एखादी चूक तर माझीसुद्धा..." म्हणता म्हणता बहीण थांबली.

"ताई, सोमवारी मी बहुतेक येत नाही म्हणेन. काहीतरी कारण सांगेन. ते कारण खरंसुद्धा असेल. तू जाऊन पाहून येशील, तर तुलाही ते खरंच दिसेल." ती पायरीवरून उठली. "तरी ने मला."